जस्त कमी पडूच शकत नाही?

मागच्या वेळी लोहाबद्दल बोललो. आज जस्त, म्हणजे झिंक. पत्र्याला गॅल्वनाइझ करायला वापरतात तेच.

वनस्पती आणि उंदरांना जस्त लागतं, हे 1930 च्या दशकातच कळलं होतं. माणसाचं काय? तर जस्त सगळ्याच अन्नात थोडंफार असतं, तेव्हा माणसाला ते कमी पडणं शक्यच नाही, असं डॉक्टर मंडळी धरून चालली होती.

1958 साली इराणमधल्या शिराझला डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर एक रुग्ण आला. प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, अमेरिकेत शिकून तिकडे गेलेले. रुग्णाचं वय 21, पण दिसायला दहा वर्षांचा पोरगा. मिसरूड नाही, वयात आल्याची काहीच खूण नाही. रक्तही फार कमी. जेवण म्हणजे गव्हाची बिनखमिराची रोटी, मांस जवळपास नाहीच. वर रोज अर्धा किलोच्या आसपास माती खायचा!

लोहाची कमतरता उघड होती. पण नुसत्या लोहाने वाढ अशी खुंटत नाही. इथे प्रसाद अडले, आणि मला सगळ्यात भारी हेच वाटतं, की सापडलेल्या उत्तरावर ते थांबले नाहीत. जस्त न मिळालेल्या उंदरांची वाढ अशीच थांबते, हे त्यांना आठवलं. मग रोटीत जस्त असतं ना? असतं, पण धान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं, आतड्यात शोषूच देत नाही. पीठ आंबवलं तर फायटेट कमी होतं. (आंबोळीवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

नुसत्या अंदाजावर कोण विश्वास ठेवणार? मग इजिप्तमध्ये अशाच तरुणांचं रक्त, लघवी, केस तपासले, जस्त खरंच कमी निघालं. जस्त दिल्यावर पोरं वर्षात 5 ते 6 इंच वाढली, वयातही आली. नुसतं लोह दिलेल्यांची वाढ इतकी झाली नाही.

तरी वाद बरीच वर्षं चालला. अमेरिकेत जस्ताची रोजची गरज अधिकृतपणे ठरली ती 1974 साली. आणि जुलाब झालेल्या लहान मुलांना ओआरएससोबत जस्त द्या, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सांगितलं ते 2004 मध्ये. तेव्हा सांगितलेला डोस होता सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. जुलाब थांबले की गोळीही थांबवतात बरेच जण. तसं करू नका, कोर्स पूर्ण करा.