पाच नंबर

काही वर्षांपूर्वी बदली होऊन फरिदाबादला आलो, तेव्हा एका सहकाऱ्याने खोलीचा पत्ता सांगितला, "एन.आय.टी., पाच नंबर." मला वाटले, एखादे कॉलेज असावे! आपल्या मंडळात नव्याने येणाऱ्यांचाही असाच गोंधळ होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

एन.आय.टी. म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाऊनशिप. एक ते पाच नंबर या तिच्या मूळ वस्त्या. रुळांच्या पश्चिमेचे हे गाव १९४९ पासून उभे राहू लागले ते सरहद्द प्रांतातून, म्हणजे बन्नू, डेरा इस्माईल खान, पेशावर भागातून आलेल्या निर्वासितांसाठी. त्यांच्यात खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगार चळवळीतले बरेच होते. छावणीतून वेगवेगळ्या ठिकाणी पांगायला ते तयार नव्हते. 'एकत्रच वसवा' म्हणून त्यांनी सत्याग्रह केला. अखेर फरिदाबाद विकास मंडळ नेमले गेले. अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद, आणि बैठकांना पंडित नेहरू जातीने हजर राहत. आखणीत ओटो क्योनिग्सबर्गर या जर्मन वास्तुविशारदाचा हात होता. प्रत्येक वस्तीला आपली शाळा, आपला बाजार, अशी ती कल्पना.

माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला खरा रस आहे तो बांधकामात. हे लोक बहुतेक दुकानदार. यांना घमेली-फावडी झेपणार नाहीत, काम ठेकेदारांनाच द्या, असे सरकारी बांधकाम खात्याचे मत होते. (मीही तेव्हा त्या खुर्चीत असतो तर कदाचित हेच लिहिले असते.) पण कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने, लक्ष्मीचंद जैन आदी तरुण कार्यकर्त्यांना घेऊन, निर्वासितांच्याच मजूर सहकारी संस्था काढल्या. विटा, माती, भिंती सगळे त्यांनी केले. पाच हजारांवर घरे उभी राहिली. युद्धभरपाईत जर्मनीकडून मिळालेली यंत्रे कोलकात्यात पडून होती, ती आणून वीजघर उभारले. वीज आली तसे कारखाने आले.

१९५२ च्या सुमारास मात्र मंडळाची स्वायत्तता गेली, कारभार पुनर्वसन मंत्रालयाकडे गेला आणि सहकारी संस्था मागे पडल्या. माझ्या मते नुकसान इथे झाले. घरे राहिली, पण आपले गाव आपण चालवायचे, ही घडी विस्कटली.

पाच नंबरात मी ज्या घरी भाड्याने राहिलो, तिथल्या बीजी बन्नूच्या. त्यांच्या वडिलांचे तिकडे कापडाचे दुकान होते. इथे त्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. बीजी लहान होत्या, पाण्याची बादली घेऊन जात. २०२० मध्ये इथल्या बादशाहखान रुग्णालयाचे नाव बदलून अटलबिहारी वाजपेयींचे देण्याचा आदेश निघाला, तेव्हा त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. अटलजींबद्दल त्यांची तक्रार नव्हती. म्हणाल्या, "बेटा, आमच्या गावाकडचं एवढं एकच नाव इथे होतं."

आजही बीजींसाठी रिक्षा ठरवताना मी 'बी.के. हॉस्पिटल' असेच सांगतो. रिक्षावाल्याला दुसरे नाव कळतच नाही.