ब्राउझरवरचा थेट कॉल चोरून ऐकता येतो का? कार्यकर्त्यांसाठी माहिती

सातपुड्याच्या माथ्यावरच्या तोरणमाळहून वकिलाला भेटायला नंदुरबारला जायचे तर घाट उतरण्यापासून तयारी करावी लागते. त्यामुळे वनहक्काचा दावा असो की अत्याचाराचे प्रकरण, बरेचसे बोलणे मोबाइलवर लिंक उघडून ब्राउझरमधूनच होऊ शकते. अशा बोलण्यात पीडितांची, साक्षीदारांची नावे येतात. म्हणून हा कॉल कुठे पक्का आहे आणि कुठे कच्चा, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे.

कॉल कसा लागतो?

या तंत्राचे नाव वेबआरटीसी. गुगलने ते २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि जानेवारी २०२१ मध्ये ते अधिकृत वेब मानक झाले. सुरुवातीला दोन ब्राउझरना एकमेकांचा पत्ता माहीत नसतो. कॉल सेवेचा सर्व्हर दोघांची ओळख करून देतो. त्यानंतर आवाज आणि चित्र थेट एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाते.

या मानकात एन्क्रिप्शन सक्तीचे आहे. डीटीएलएस या पद्धतीने दोन्ही ब्राउझर आपसात किल्ली ठरवतात आणि एसआरटीपी या पद्धतीने आवाज-चित्र कुलूपबंद होते. त्यामुळे मोबाइल कंपनी किंवा वायफायचा मालक मधल्या मधे बोलणे ऐकू शकत नाही. मोबाइल नेटवर्कवर अनेकदा थेट जोडणी होत नाही आणि कॉल टर्न नावाच्या मधल्या सर्व्हरवरून जातो. त्यालाही कुलूपबंद माहितीच दिसते. मात्र कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, केव्हा आणि किती वेळ कॉल झाला, हे लपत नाही.

कच्चा दुवा कोणता?

किल्ली खरी की खोटी हे ओळखण्यासाठी प्रत्येक ब्राउझर आपला एक डिजिटल ठसा पाठवतो. हा ठसा ओळख करून देणाऱ्या सर्व्हरमार्फतच जातो. तो सर्व्हर अप्रामाणिक असेल, कोणी फोडला असेल किंवा दबावाखाली असेल, तर तो दोघांनाही स्वतःचाच ठसा देऊन मधे बसू शकतो. दोघांनाही कॉल सुरक्षित वाटतो, पण तिसरा सगळे ऐकत असतो. कुलूप मजबूत आहे, पण किल्ली कोणाच्या हातात दिली, हाच खरा प्रश्न आहे.

यावर उपाय पडताळणीचा. काही सेवा दोघांच्याही पडद्यावर सारखाच अंकांचा किंवा चित्रांचा कोड दाखवतात. तो एकमेकांना वाचून दाखवावा, शक्यतो दुसऱ्या मार्गाने, म्हणजे साध्या फोनवरून. हा कोड कोणी ऐकला तरी बिघडत नाही. तो दोन्हीकडे जुळणे महत्त्वाचे. ब्राउझर कॉलचा ठसा बहुधा दर वेळी बदलतो, म्हणून पडताळणी त्या त्या कॉलच्या वेळीच करावी. सिग्नल ॲपचा सुरक्षा क्रमांक मात्र फोन किंवा ॲप बदलेपर्यंत टिकतो. तो प्रत्यक्ष भेटीत एकदा जुळवून ठेवता येतो.

तिसरा माणूस आला की

जित्सी मीटसारख्या सेवेत दोघांचा कॉल थेट असतो. तिसरा आला की तो मधल्या सर्व्हरवरून जातो. तिथे वेगळे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन सुरू केले नसेल, तर सर्व्हर चालवणाऱ्याला बोलणे उलगडता येते. बैठक घेताना हा फरक लक्षात ठेवावा.

फोनच फोडला तर?

२०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल सुविधेतील त्रुटी वापरून पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर जगभरातील सुमारे १,४०० फोनना लक्ष्य करून पाठवले गेले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. लक्ष्य झाल्याचे ज्यांना कळवण्यात आले, त्यांत विचारवंत डॉ. आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. तो ब्राउझरचा कॉल नव्हता, पण धडा तोच आहे. तिथे एन्क्रिप्शन फोडावे लागले नाही, फोनच ताब्यात घ्यायचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने पेगासस बनवणाऱ्या एनएसओ कंपनीला जबाबदार ठरवले.

एवढे करा

• फोन आणि ब्राउझर वेळेवर अपडेट करा.
• लिंक ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. पत्त्याची अक्षरे नीट वाचा. दर बैठकीला नवी लिंक आणि पासवर्ड ठेवा.
• कॉल संपल्यावर त्या पानाची कॅमेरा-माइकची परवानगी काढा.
• थेट कॉलमध्ये समोरच्याला तुमचा आयपी पत्ता कळू शकतो. अनोळखी व्यक्तीशी बोलताना मधल्या सर्व्हरचा पर्याय निवडा. सिग्नलमध्ये तो आहे.
• साक्षीदाराचे नाव आणि ठिकाण शक्यतो प्रत्यक्ष भेटीतच सांगा.

हक्क आपला आहे

बेकायदा फोन टॅपिंग हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल खटल्यात १९९६ मध्येच सांगितले. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय कोणालाही तुमचे बोलणे ऐकता येत नाही. पण निकाल लागेपर्यंत साक्षीदार सुरक्षित राहायला हवा, आणि त्यासाठी कोड जुळवायला लागणारा एक मिनिट नक्कीच जास्त नाही.