भांडारकर संस्थेवरील हल्ला (२००४)

५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर संभाजी ब्रिगेड या संघटनेच्या शंभराहून अधिक कार्यकर्त्यांनी हल्ला करून ग्रंथ, हस्तलिखिते व सामानाची नासधूस केली. अमेरिकी प्राध्यापक जेम्स लेन यांना छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी ग्रंथासाठी संस्थेने साहाय्य केले, असा हल्लेखोरांचा आरोप होता. संशोधकाचे स्वातंत्र्य आणि त्याला मिळणारे संरक्षण यांविषयी महाराष्ट्रात जी चर्चा होते, तीत या घटनेचा उल्लेख वारंवार येतो.

पार्श्वभूमी

१९१७ साली स्थापन झालेली ही संस्था महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे जगभर परिचित आहे. लेन यांनी येथील साधनांचा अभ्यास केला होता. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचा इंग्रजी अनुवाद त्यांनी संस्कृतज्ञ श्रीकांत बहुलकर यांच्या सहकार्याने केला (२००१). २००३ च्या वादग्रस्त ग्रंथात मात्र महाराजांच्या मातापित्यांविषयीच्या एका कुत्सित विनोदाचा उल्लेख होता. पुण्यातील काही इतिहासकारांनीच त्यावर लेखी आक्षेप घेतला आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने नोव्हेंबर २००३ मध्ये ग्रंथ भारतातून मागे घेतला. लेखणीचा वाद लेखणीने मिटू शकत होता.

तसे झाले नाही. ऋणनिर्देशात नाव असल्याच्या कारणावरून डिसेंबर २००३ मध्ये शिवसैनिकांनी बहुलकरांच्या तोंडाला काळे फासले. वास्तविक ऋणनिर्देश हा विद्याव्यवहारातील शिष्टाचार आहे. तो लेखकाच्या मतांना दिलेला दुजोरा नव्हे. पुढे राज ठाकरे यांनी बहुलकरांची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. त्यानंतर काही दिवसांतच संस्थेवर हल्ला झाला.

अभ्यासकांना मिळालेला आधार

संकटग्रस्त विद्वानांना दुसऱ्या देशात आश्रय देण्याची परंपरा जुनी आहे. नाझी राजवटीने पदच्युत केलेल्या प्राध्यापकांसाठी १९३३ साली लंडनमध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने एक परिषद स्थापन झाली. पुण्यात हा उपाय अपुरा होता, कारण येथे धोका व्यक्तीइतकाच पोथ्यांनाही होता, आणि पोथीशाळा काही परदेशी हलविता येत नाही. इतिहास-संशोधक गजानन मेहेंदळे यांनी निषेध म्हणून स्वतः लिहीत असलेल्या शिवचरित्राची पाने फाडून टाकली. या कृतीने निषेध पोहोचला, पण अभ्यासाची हानी वाढलीच.

न्यायालयीन लढा

राज्य शासनाने जानेवारी २००४ मध्ये ग्रंथावर बंदी घातली; लेखक व प्रकाशक यांच्यावर गुन्हाही नोंदविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये प्रकाशकांविरुद्धचा खटला रद्द केला. बंदीला आव्हान देणारे मात्र लेखक वा प्रकाशक नव्हते. संघराज रूपवते, चित्रपटकार आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला हे नागरिक त्यासाठी पुढे आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदी रद्द ठरविली आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कोणत्या समाजगटांत वैर निर्माण होईल, हे शासनाच्या अधिसूचनेत नमूदच नव्हते.

हल्ल्याच्या खटल्यात ७२ आरोपी होते. त्यांपैकी हयात असलेल्या सर्वांची पुणे न्यायालयाने २०१७ मध्ये निर्दोष मुक्तता केली.