आधी कीर्द, मग खतावणी

१/ जळगाव-धुळ्याच्या व्यापारी पेढ्यांवर हिशेबाचा दंडक एकच: व्यवहार प्रथम रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने, नंतर खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. पुण्याच्या पेशवे दप्तरातही रोजकीर्दी जतन आहेत.

२/ एकाच्या नावे लिहिले, दुसऱ्याच्या जमेस लिहायचे राहिले, तर खतावणी खोटी ठरते. कीर्द शाबूत असल्यास मात्र ती पुन्हा जुळवता येते.

३/ संगणकाच्या डिस्कवरही हेच संकट येते. एक फाइल लिहिताना अनेक जागी बदल करावे लागतात. मध्येच वीज गेली, तर काही होतात, काही राहतात. पूर्वी अशा वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे.

४/ १९९० साली आलेल्या आयबीएमच्या जेएफएसमध्ये आणि २००१ साली लिनक्समध्ये दाखल झालेल्या एक्स्ट३मध्ये यावर उपाय होता ‘जर्नल’, म्हणजे कीर्दच. बदल आधी जर्नलमध्ये लिहायचे, शेवटी पूर्णतेची खूण करायची, मग ते मूळ जागी न्यायचे. वीज परतल्यावर खूण असलेल्या नोंदी पुन्हा अमलात येतात. खूण नसलेल्या रद्द होतात.

५/ त्यामुळे शेवटची नोंद हरवू शकते. अर्धवट नोंद मात्र खरी म्हणून दप्तरात राहत नाही.