घूंऽऽऽ... आणि मोटर फिरतच नाही!

हौसेखातर शनिवार-रविवारी लाकूडकाम करणारे असोत किंवा ज्यांचं रोजचं पोट त्यावर आहे असे सुतार असोत, एक आवाज सगळ्यांच्या चांगला ओळखीचा असतो. रंधा मशीनचं बटण दाबलं की मोटर नुसती 'घूंऽऽ' करते, थरथरते, पण फिरत मात्र नाही. अजून थोडा वेळ बटण दाबून धरलं तर वार्निश तापल्याचा वास यायला लागतो आणि त्यानंतर थेट वाइंडरचं दुकान.

आता यातली गंमत बघा. अशा अडलेल्या मोटरचा पट्टा काढून ठेवला, पुलीला एक झटका दिला आणि लगेच बटण दाबलं, तर ती मस्त फिरायला लागते. उलट्या बाजूला झटका दिला तर तितक्याच आनंदाने उलटी फिरते! म्हणजे मोटर 'चालू' आहे, तिच्यात ताकदही आहे, फक्त कुठल्या बाजूला जायचं हे तिला कोणीतरी सांगावं लागतं. सिंगल फेज मोटरचा हा जन्मस्वभाव आहे. बिघडतात ते तिला पहिला धक्का देणारे भाग, आणि हे भाग मूळ कल्पनेत नव्हतेच, ते मागाहून चिकटवले गेले आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पॅच. कशावरचा पॅच, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

पायाने चालवायचं शिलाई मशीन घरी असेल तर आठवून बघा. पायपट्टी वर-खाली होते आणि चाक गोल फिरतं. पण चाक एका विशिष्ट जागी थांबलेलं असलं, की पट्टी कितीही दाबा, ते हलत नाही. म्हणून आई आधी हाताने चाकाला हलकेच पुढे ढकलायची. ते उलटं फिरलं तर दोऱ्याचा गुंता ठरलेला. सिंगल फेजच्या चुंबकीय क्षेत्राचं असंच असतं. ते एकाच रेषेत मागे-पुढे होतं, गोल फिरत नाही. एकदा वेग पकडला की काम भागतं, सुरुवातीलाच अडतं. क्षेत्र खरोखर गोल फिरवायचं तर दुसरा प्रवाह हवा, आणि तोही पहिल्याच्या थोडा मागून येणारा.

मग घरात एकच फेज का दिली? कारण त्या तारा मोटरसाठी टाकल्याच नव्हत्या, त्या दिव्यांसाठी होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये विल्यम स्टॅन्लीने वेस्टिंगहाउससाठी ग्रेट बॅरिंग्टन या अमेरिकेतल्या छोट्या गावात ट्रान्सफॉर्मर लावून एसी वीज खेळवली, ती दुकानांमध्ये दिवे लावायला. दिव्याला दोन तारा पुरतात. प्रवाह पुढे जातोय की मागे, याच्याशी त्याला काही घेणं-देणं नसतं. वेस्टिंगहाउसची यंत्रणा दोन तारांवर, सेकंदाला १३३ आवर्तनांनी चालायची. धंदा जोरात होता, गावोगावी तारा पडत होत्या, फक्त त्या तारांवर चालेल अशी धड मोटर कोणाकडेच नव्हती!

इथे दोन माणसं येतात. पहिले इटलीतल्या तुरीनचे प्राध्यापक गॅलिलिओ फेरारीस. १८८५ मध्ये त्यांनी दोन वेटोळी एकमेकांना काटकोनात ठेवली, त्यांत मागे-पुढे असलेले दोन प्रवाह सोडले, आणि मध्ये ठेवलेलं तांब्याचं नळकांडं आपोआप फिरायला लागलं. ना ब्रश, ना कुठली तार जोडलेली. मग त्यांनी गणित मांडलं. सर्वात जास्त शक्ती अर्ध्या वेगाला मिळते आणि तेव्हा निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते, असं त्यातून आलं. त्यावरून त्यांनी ठरवलं की उद्योगधंद्यात याला फारसं महत्त्व नाही. पेटंट घेतलं नाही, आणि १८८८ च्या मार्चमध्ये निबंध मात्र वाचला. गणित बरोबर होतं हो, पण मोटर अर्ध्या वेगाला चालवायची सक्ती कोणी केली होती? पूर्ण वेगाच्या जवळ चालवली तर नुकसान कितीतरी कमी होतं. आपल्या १५०० फेऱ्यांच्या क्षेत्रावर मोटर १४४० ने पळते ती म्हणूनच.

दुसरा माणूस निकोला टेस्ला. नेटवर टेस्लाभक्तांची कमी नाही, त्यामुळे जास्त लिहीत नाही. १ मे १८८८ ला त्याला पेटंटं मिळाली, १६ मे ला न्यूयॉर्कमध्ये त्याचं ते प्रसिद्ध व्याख्यान झालं आणि जुलैपर्यंत वेस्टिंगहाउसने पेटंटांचे हक्क मिळवले. (सावधगिरी म्हणून फेरारीसकडूनही अमेरिकेतले हक्क घेऊन ठेवले. याला म्हणतात व्यापारी!) मला टेस्लाची खरी परीक्षा त्यानंतरची वाटते. पिट्सबर्गच्या कारखान्यात त्याच्यापुढे आली ती आधीच विकली गेलेली यंत्रणा, दोन तारा आणि १३३ आवर्तनं. त्याच्या मोटरला मात्र हवे होते दोन वेगळे प्रवाह आणि कमी आवर्तनं. "ग्राहकाकडचं जुनं व्हर्जन बदलणार नाही, तुमचं त्याच्यावर चालवून दाखवा," हे वाक्य १८८८ मध्येही होतंच म्हणायचं :-)

टेस्लाने काढलेली युक्ती अशी: एकच प्रवाह मोटरच्या आत दोन वाटांनी सोडायचा. एक वाट जाड तारेची, दुसरी बारीक, जास्त रोध असलेल्या तारेची. दोन वाटांनी गेलेले प्रवाह किंचित पुढे-मागे होतात, आणि तेवढ्या फरकावर क्षेत्र लंगडत का होईना, गोल फिरतं. हेच स्प्लिट फेज. त्या १३३ आवर्तनांवर धंद्याजोगी मोटर काही उभी राहिली नाही. टेस्ला १८८९ मध्ये पिट्सबर्ग सोडून गेला आणि वेस्टिंगहाउसला शेवटी आवर्तनंच खाली आणावी लागली. पण ही युक्ती राहिली. आज मोटर उघडल्यावर रनिंग आणि स्टार्टिंग अशी जी दोन वाइंडिंग दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

त्याच सुमारास जर्मनीत एईजीच्या दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तीन फेजची, पिंजऱ्याच्या रोटरची मोटर केली. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटरवर तीन फेजची वीज नेऊन दाखवली गेली. तीन फेज मोटर स्वतःहून उठते, हाताचा धक्का नको, काही चिकटवायला नको. प्रश्न सुटला! पण कारखान्यांपुरता. घरं आणि छोटी दुकानं दिव्यांच्या दोन तारांवरच राहिली. तेव्हा पडलेली ही वाटणी आजही आपल्या मीटरच्या पेटीत दिसते.

मग दोन तारांवर करवत कशी चालवायची? बारीक वाइंडिंगचा धक्का पंख्याला पुरतो, जड पात्याला पुरत नाही. काही दशकं यावर रिपल्शन मोटरचा तोडगा होता. त्यात ब्रश, कॉम्युटेटर, सगळं आलं. मोटर वजनाला दगड, पण उठायची जोरात. अमेरिकेत १९३९ मध्ये आलेल्या डेल्टाच्या 'युनिसॉ' या टेबल सॉवर अशा मोटरी असायच्या. त्यांच्या आकारावरून जुन्या मशीनचे शौकीन त्यांना 'बुलेट' म्हणतात. त्यांना बाजारातून हटवलं ते एका छोट्या डब्याने, म्हणजे आपल्या वाइंडरच्या भाषेत कंडेन्सरने.

कंडेन्सर लावला की दोन वाटांमधला फरक साध्या स्प्लिट फेजच्या तीसेक अंशांवरून जवळपास नव्वदवर जातो आणि धक्का कितीतरी जोरदार बसतो. हे १८९० च्या दशकातही माहीत होतं, पण एवढ्या क्षमतेचा कागदी कंडेन्सर अवाढव्य आणि महाग पडायचा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मुठीत मावेल एवढा झाला, तेव्हा १९३० च्या दशकात हे गणित जमलं. मात्र हा डबा आणि ते बारीक वाइंडिंग, दोन्ही सतत चालू ठेवायला बनवलेले नाहीत. काही सेकंदच. म्हणून शाफ्टवर सेंट्रिफ्यूगल स्विच आला. मोटरने साधारण पाऊण वेग पकडला की वजनं बाहेर फेकली जातात, 'टक्' आणि धक्का देणारी वाट बंद. पॅचवर पॅच, त्यावर अजून एक पॅच!

हा इतिहास डोक्यात असला की बिघाड शोधायला वेळ लागत नाही. बटण दाबून काहीच आवाज नाही? मग मोटरच्या स्वभावाचा प्रश्नच नाही, वीज तिथवर पोचत नाहीये. प्लग, स्टार्टर, ओव्हरलोड बघा. घूं करतेय? लगेच बंद करा, प्लग काढा आणि पट्टा उतरवून शाफ्ट हाताने फिरवा. जड लागला तर बेअरिंग. मोकळा फिरतोय आणि झटका दिल्यावर मोटर चालते, तर गुन्हेगार तिघांतलाच एक: कंडेन्सर, स्विच किंवा स्टार्टिंग वाइंडिंग. कंडेन्सरला हात लावण्याआधी बल्बच्या दोन तारा टेकवून तो रिकामा करा, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. आणि पातं बसवलेलं असताना झटका देण्याचा प्रयोग कृपया करू नका. बोटं पॅच करता येत नाहीत.

लाकूडकामात स्विचवर आधी संशय घ्यावा. कारण भुसा. तो मोटरमध्ये शिरतो आणि काँटॅक्टमध्ये बसला तर मोटर उठतच नाही. वजनं अडकून काँटॅक्ट मिटलेलेच राहिले तर जास्त वाईट. मोटर उठते, चालते आणि बारीक वाइंडिंग आतल्या आत भाजत राहतं. माझ्या ओळखीच्या एका सुतारकाकांनी एकाच मोटरचं वाइंडिंग वर्षात दोनदा भरून घेतलं. दोन्ही वेळा वाइंडरने जळलेली तार बदलली आणि स्विच तसाच ठेवला. दोन्ही वेळा अर्धवट राहिलेल्या कपाटांची गिऱ्हाइकं दारात. मोटर बंद केल्यावर वेग उतरताना परत 'टक्' ऐकू यायला हवं. ते त्यांना कित्येक महिने ऐकू आलं नव्हतं, पण ते ऐकायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सगळं ठीक असूनही उठत नसेल तर व्होल्टेज मोजा, तेही मोटर उठायचा प्रयत्न करत असताना. उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० चे १८० झाले तर जोर ६१ टक्के, १६० झाले तर निम्म्याहून कमी. लांबलचक बारीक एक्स्टेन्शन वायर एवढा घोळ सहज घालते.

तीन फेजवाल्यांनीही फार हसू नये. एक फ्यूज उडाला की त्यांचीही मोटर सिंगल फेज होते आणि तशीच घूं करत बसते. चालू असताना उडाला तर फिरत राहते, तापते आणि जळते. उलटा प्रकार गुजरातेत शेतकऱ्यांनी केला होता. तीन फेज बंद असलेल्या वेळात कंडेन्सर जोडून ते सिंगल फेजवर तीन फेजचे पंप चालवायचे. युक्ती १८८८ च्या कुळातलीच. त्यात गावच्या विजेचा दर्जा मात्र पार ढासळायचा. पुढे २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर गावापासून वेगळे केले गेले, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता छोट्या वर्कशॉपमध्ये व्हीएफडी येऊ लागलेत. दोन तारा घेतात, आधी डीसी करतात आणि त्यातून तीन फेज नव्याने तयार करतात. मोटर दोब्रोवोल्स्कीची, ना कंडेन्सर, ना भुशात अडकणारा स्विच. काकांना मी हेच सुचवलं. ते म्हणाले, "किंमत बघून सांगतो." तोवर त्यांनी स्विच बदलून घेतलाय आणि मोटर बंद करताना ते आता कान देऊन उभे राहतात.