कॅसेटीतून सीडीत आलेली माणसं

खेड्यातल्या लग्नाचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही. मांडव कापडाचा होता की आंब्याच्या डहाळ्यांचा, पंगतीला लापशी होती की जिलेबी, करवल्यांच्या अंगावर काय होतं, हे सगळं शूटिंगच्या कॅसेटीत राहिलं. त्यामुळं कॅसेट जाऊन सीडी आली, तेव्हा प्रश्न नुसत्या यंत्राचा नव्हता.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला, त्याच सुमाराला व्हीसीआरही. आमच्या विट्याकडं लोक आधी व्हिडिओ भाड्यानं आणून रात्रभर पिक्चर बघायला लागले. लग्नाचं शूटिंग त्यानंतरचं. नव्वदच्या दशकात मी खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेऊन गावं हिंडत होतो. एका कॅसेटीत तीन तास मावायचे. हळद, अक्षता, पंगत, वरात, सगळं तेवढ्यातच बसवायचं.

कॉपी काढायची म्हणजे दोन व्हीसीआर वायरीनं जोडायचे आणि तीन तासांच्या कॅसेटीला तीन तास थांबायचं. कॉपीवरून कॉपी काढली की रंग आणखी फिका, पडद्यावर मुंग्या. म्हणून बहुतेकदा दोनच कॅसेटी निघत, एक नवऱ्याकडं, एक नवरीकडं. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यापायी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर पांगलेली. परमुलखातल्या भावाला बहिणीचं लगीन बघायचं तर गावी येईपर्यंत वाट बघावी लागायची.

२००० नंतर सीडीचे स्वस्त प्लेअर घरोघर दिसू लागले. एका व्हिडिओ सीडीत साधारण ७४ मिनिटं बसत, म्हणजे एका लग्नाच्या तीन सीड्या. चित्र कॅसेटीपेक्षा फार चांगलं होतं असं नाही. वरातीत पोरं नाचायला लागली की पडद्यावर चौकोन पडायचे. पण कॉपी काही मिनिटांत निघायची, आणि दहावीसुद्धा पहिलीसारखीच. पाकिटात घालून कुरिअरनं पाठवता यायची. पुढं ४.७ जीबीची डीव्हीडी आली आणि अख्खं लग्न एकाच तबकडीत मावलं.

आमचा कॉपीचा धंदा मात्र बसला. ज्याच्या घरी कॉम्प्युटर, तो स्वतःच कॉप्या काढू लागला. आमच्या हाती उरलं ते जुन्या कॅसेटी सीडीत उतरवायचं काम. कॅसेट तीन तास चालवायची, मग कॉम्प्युटर रात्रभर फाईल बनवत बसायचा, आणि मधेच लोडशेडिंग झालं की पुन्हा पहिल्यापासून.

त्याच काळात शेजारच्या गावची एक बाई पिशवीतून कॅसेट घेऊन आली. लगीन तिच्या पुतण्याचं होतं.

“भाऊ, ह्यात माझा लेक वाढतोय बघा.”

लेक अपघातात गेलेला. टेपेवर पांढरी बुरशी धरली होती. कॅसेट उघडून, मऊ कापडानं पुसत, टेप हळूहळू गुंडाळली. पंगतीत जिलेबीचं ताट घेतलेलं पोरगं बारा सेकंद दिसलं. “तात्यांना वाढा की,” म्हणालं आणि पुढं सरकलं. तेवढाच तुकडा काढून देऊ का, असं मी विचारलं.

“नको. मागचं-पुढचं राहू द्या. कुठनं आला आन् कुठं गेला, ते दिसाय पायजे.”

सगळी पंगत उतरवून दिली.

सीडी कायमची टिकते असं तेव्हा सगळेच समजत. पण घरी लिहिलेल्या तबकडीवरचा थर उन्हानं, दमटपणानं खराब होतो. पोरांच्या हातात ती चरे पडून अडकते. इकडं व्हीसीआरही गेले. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली ते बनवणं थांबवलं, तेव्हा ते बनवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. कॅसेट आणि सीडी अशी दोन्ही यंत्रं दुकानात शेजारी चालत होती ती दहा-बारा वर्षंच. त्या वर्षांत जे उतरवून घेतलं आणि पुढं पुन्हा हार्डडिस्कवर नेलं, तेच आज दिसतं.

तुमच्या माळ्यावर अजून कॅसेट असेल, तर ती व्हीसीआरमध्ये घालायच्या आधी खिडकीतून टेप बघा. पांढरं काही दिसलं तर चालवू नका. आधी पुसून घ्या. आणि उतरवून घेताना पंगत कापू नका. नवरा-नवरीचे फोटो सगळ्यांकडं असतात. वाढपी फक्त तिथंच सापडतात.