पासष्टीचा विमा: मेडिकेअरचा मागोवा

अमेरिकेत पासष्टी गाठणाऱ्याच्या हाती येणाऱ्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डाचे मूळ शोधू लागलो, की आपण बर्लिनला पोहोचतो. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. पासष्टीची अटही त्याचीच, असे पुष्कळदा सांगितले जाते; पण त्याच्या १८८९ च्या कायद्यात निवृत्तिवेतनाचे वय ७० होते, आणि जर्मनीने ते ६५ वर आणले १९१६ मध्ये. अमेरिकेत ही अट रुजवली १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध ओढवू नये म्हणून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आरोग्यविमा त्यातून बाहेर ठेवला. पुढचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये सर्वांसाठी विमा मागितला, तोही काँग्रेसमध्ये अडला.

मग समर्थकांनी मागणी आखडती घेतली, आणि माझ्या मते या इतिहासाला खरे वळण तिथेच मिळाले. नोकरीबरोबर मिळणारा विमा निवृत्तीबरोबर संपत असे आणि खासगी कंपन्या म्हाताऱ्यांना टाळत; म्हणून निदान वृद्धांना तरी द्या, असे विधेयक ऱ्होड आयलंडचे एमी फोरँड यांनी १९५७ मध्ये आणले. ते अडकले. १९६४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन प्रचंड बहुमताने जिंकले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. वर्षानुवर्षे अडसर ठरलेले, प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे प्रमुख विल्बर मिल्स यांनी मार्च १९६५ मध्ये तीन प्रस्ताव एकत्र गुंफले: पगारातून कापल्या जाणाऱ्या करावर चालणारा रुग्णालयाचा विमा, डॉक्टरांच्या फीसाठी ऐच्छिक विमा आणि गरिबांसाठी मेडिकेड. लोक त्याला ‘तीन थरांचा केक’ म्हणू लागले. आजचे ‘ए’ आणि ‘बी’ हे भाग त्यातलेच पहिले दोन थर. ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी मिसूरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन ८१ वर्षांच्या ट्रुमन यांच्या साक्षीने सही केली आणि पहिले कार्ड त्यांनाच दिले. १ जुलै १९६६ ला योजना सुरू झाली, तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्या छायेत आले. हे पैसे हवे असतील तर कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत, अशी अट असल्याने दक्षिणेतल्या असंख्य रुग्णालयांनी काही महिन्यांत ती भिंत पाडली. या इतिहासातले हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते.

अपंगांना मात्र १९६५ मध्ये दाराबाहेरच ठेवले गेले. नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर या रुग्णाने मिल्स यांच्या समितीसमोरच डायलिसिस करून घेतले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली आणि मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण, तसेच पासष्टीच्या आतले अपंग योजनेत आले. पण खर्च आवरण्यासाठी अपंगांना अपंगत्वाचा भत्ता सुरू झाल्यावर २४ महिने थांबण्याची अट घातली गेली.

पुढे औषधांचा ‘डी’ भाग २००६ मध्ये आला. २०२२ च्या कायद्याने इन्सुलिनचा रुग्णाच्या वाट्याचा खर्च महिन्याला ३५ डॉलरवर रोखला. मुलांकडे ग्रीन कार्डावर गेलेल्या पासष्टीपुढच्या मराठी आईवडिलांनाही पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांची ती २४ महिन्यांची प्रतीक्षा २००१ मध्ये माफ झाली. बाकी बहुतेक अपंगांना मात्र भत्त्यासाठी पाच महिने आणि विम्यासाठी पुढचे २४, असे २९ महिने उपचारांच्या ऐन गरजेच्या काळात आजही काढावे लागतात. १९७२ मध्ये ठरले होते, तेवढेच.